कुठं बसून भरला?

माझ्या पीएचडीचा विषय होता उतावळेपणा. कागदोपत्री त्याला ‘आवेगशीलता’ म्हणायचं, पण धाराशिवजवळच्या आमच्या वाशीच्या बाजारात हा शब्द काढला की लोक मला औषध विकणारी बाई समजायचे. परदेशात तयार झालेली तीसेक विधानांची प्रश्नावली मी मराठीत आणली होती. प्रत्येक विधानापुढं चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, पुष्कळदा, नेहमी. बायका जास्त उतावळ्या की पुरुष, आणि तिकडची मोजपट्टी आपल्याकडं चालते का, एवढंच शोधायचं होतं. एवढंच म्हणते, पण त्यात माझी पाच वर्षं गेली होती. नोंदणीला मिळालेली शेवटची मुदतवाढ महिन्याभरात संपत होती. त्याआधी धाराशिवच्या मार्गदर्शक सरांची सही झाली नाही, तर सगळं रद्द.

पुरुषांचे फॉर्म झटपट झाले. एका गृहस्थांनी मी पहिलं विधान वाचत असतानाच सांगून टाकलं, “आमच्या घरात कुणीच उतावळं न्हाय. लिवा तसं.” ‘प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो’ असं एक विधान फॉर्मात होतंच. त्यापुढं ‘नेहमी’वर परस्पर खूण करायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला. बाकीच्यांनी मात्र ‘पुष्कळदा’ आणि ‘नेहमी’वर स्वतःच बेधडक खुणा केल्या.

बायकांचे फॉर्म मी आमच्या गल्लीत, म्हणजे सासरीच भरून घेतले. सुरुवात थोरल्या जाऊबाईंपासून केली. ‘मी एकाएकी राहतं घर सोडून दुसरीकडं जाते’ हे वाचल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “गेले की एकदा, लगीन करून. तवा मला कुणी इचारलंतं?” मग सासूबाई ओसरीवर बसल्यात हे त्यांनी मान वाकवून बघितलं आणि ‘कधीच नाही’वर खूण केली. गल्लीतल्या सगळ्या जणींनी तेच केलं. वरून खालपर्यंत खुणांची एक सरळ रेघ. सर खूश झाले. पुरुष उतावळे, बायका संयमी, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं निघालं होतं.

आता मोजपट्टी भरवशाची आहे का हे बघायला तोच फॉर्म त्याच माणसांकडून काही आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावा लागतो. माझे हे आठवडे नेमके पंचमीच्या सणावर येऊन पडले. भाऊ न्यायला आले आणि गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. मी चडफडले. मग स्कूटी काढली आणि एकेकीच्या माहेरी जाऊन धडकले.

जाऊबाईंचं माहेर सोनारीचं. मी पोचले तेव्हा त्या पदर कमरेला खोचून लिंबाला बांधलेल्या झोक्यावर उभ्या होत्या आणि चढवून चढवून झोका घेत होत्या. अकरा वर्षांत मी त्यांना एवढ्या मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. फॉर्म पुढं केला तर म्हणाल्या, “वाच तू, मी सांगते.” मनात येईल ते बोलून टाकता का? “नेहमी.” काही ठरलेलं नसताना खरेदी करता का? त्यांनी कोपरापर्यंत भरलेला नवा चुडा माझ्या नाकासमोर वाजवला. तेवढ्यात एका माकडानं ओट्यावरचा कोरा फॉर्म पळवला. सोनारीत माकडं देवाची मानतात, त्यांना कुणी हटकत नाही, त्यामुळं तो फॉर्म त्यानं तिथंच बसून निवांत फाडला. माझ्या अभ्यासातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ते असावं.

बाकीच्या जणीही आपापल्या माहेरी अशाच भेटल्या. मी आनंदानं दोन्ही गठ्ठे घेऊन धाराशिवला गेले.

सरांनी जाऊबाईंचे दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. “ही एकच बाई?”

“हो सर.”

“मग यातला एक गठ्ठा तुम्ही घरी बसून भरलाय.”

आवाज न चढवता बोलले. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते बघून त्यांना मी चोर असल्याची खात्री पटली असणार. “त्या बाईंना माझ्यासमोर आणा,” ते म्हणाले. “नाहीतर मी सही करणार नाही.”

पंचमी उरकून जाऊबाई परतल्यावर, त्यांचा दात दुखतोय आणि धाराशिवला दाखवायचाय असं मी सासूबाईंना सांगितलं. जाऊबाईंनी एस्टी सुटेपर्यंत गाल इतका मनापासून धरला की कंडक्टरनं लवंग धरायला सांगितली. पुढं वाटभर त्यांनी शेंगा फोडत सरांना काय काय सुनवायचं ते मला ऐकवलं.

आणि सरांच्या खोलीत पाऊल टाकताच पदर डोक्यावर, नजर फरशीवर.

“मनात येईल ते बोलून टाकता का?” सरांनी विचारलं.

“न्हाय.”

“अचानक काही खरेदी?”

“न्हाय.” चुडा पदराखाली.

सरांनी दुसरा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. “बघितलंत? पहिला खरा. हा तुमचा.”

खरं सांगते, त्या क्षणी मला जाऊबाईंचा दात खरोखरच पाडावासा वाटला. पाच वर्षं त्या पदराखाली गेली होती. मी गठ्ठे उचलले आणि उठले.

जाऊबाई दारापर्यंत आल्या, थांबल्या आणि परत फिरल्या. पदर अजून डोक्यावरच होता. “साहेब, एक इचारू? तुमी भरलाव का ह्यो कागद?”

“मी?”

“भरा की.” माझ्या हातातला एक कोरा फॉर्म काढून त्यांनी सरांपुढं ठेवला.

सर हसले. पेनाचं टोपण काढलं. पहिलंच विधान होतं, मनात येईल ते बोलून टाकतो. पेन चार चौकोनांवरून एकदा गेलं, पुन्हा आलं, मग तिथंच थांबलं. वर न बघता त्यांनी विचारलं, “म्हणजे हे इथलं धरून भरायचं, की घरचं?”

“तेच तर,” जाऊबाई म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडून दोन्ही गठ्ठे परत मागून घेतले. मग म्हणाले, यावर एक वेगळं प्रकरण लिहा, आणि फॉर्मच्या वरच्या बाजूला एक ओळ वाढवा: कुठं बसून भरला. माझ्या मुदतीच्या कागदावर त्यांनी तिथंच सही केली.

परतीच्या एस्टीत आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. जाऊबाईंनी सरांची नक्कल केली, मी गॉगल चढवून माकडाची. वाशी जवळ आली तशी त्यांनी पदर सारखा केला आणि गालाला हात लावला.

“दुखतोय का?” मी चेष्टेनं विचारलं.

“लई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

माझं स्वतःकडं लक्ष गेलं तेव्हा माझा गॉगल पर्समध्ये गेलेला होता आणि गळ्यातली ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट आलेली होती. हे कधी केलं, मला आठवेना. विचार न करता मी रोज काय करते, ते इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर मला त्या एस्टीत कळलं.