मुळं कोंडणारा कागद

गंगाधर गेला, हे कळलं तेव्हा मी कुरुंद्याच्या माझ्या रोपवाटिकेत पाणी देत होतो. रडू यायला हवं होतं. आला तो राग... आमचं भांडण अर्धं टाकून हा माणूस खुशाल निघून गेला होता. तेराव्यालाही मी कळमनुरीला फिरकलो नाही.

आम्ही शाळेपासूनचे जिवाभावाचे. त्यानं कळमनुरीत हातकागदाचा छोटा कारखाना टाकला, तेव्हा पपईच्या रोपांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी कागदी कुंड्या कर, असा लकडा मीच लावला. रोप कुंडीसकट लावायचं, कागद मातीत सडतो, मुळं दुखावत नाहीत. पण पहिल्या कुंड्यांचा पाणी घालताच लगदा झाला. मग एके दिवशी तो मिशीत हसत नवा माल घेऊन आला. कुंडी बादलीत बुडवून पिळली, तरी फाटेना. "काय घातलंस रे?" मी विचारलं. "बाभळीचा डिंक. तुला काहून पंचायती?" मी विश्वास ठेवला. त्याच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

गावोगाव मी छातीठोकपणे सांगत सुटलो, कागद काढू नका. पुढे हट्टा गावच्या शांताबाई एक खुरटलेलं रोप उपटून माझ्या दारात आल्या. कुंडी जशीच्या तशी, आत मुळांचा गुंता. "दादा, तुमी म्हणले व्हते कागद सडतो. आमी तुमच्या शब्दावर लावलं." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तडक गंगाधरला गाठलं. डिंक नव्हताच. ओला कागद फाटू नये म्हणून मोठ्या कारखान्यांत लगद्यात मिसळतात ते रसायन होतं, तेही यानं अंदाजानं, सढळ हातानं ओतलेलं. "सांगितलं असतं तर तू माल घेतला नसता," तो म्हणाला. अरे, घेतला असता की! लोकांना फक्त कागद फाडून लावा म्हणालो असतो. "मुळं अडतील हे मला काय ठाऊक?" त्याचं हे एक वाक्य मी धरून बसलो होतो. न कळून झालेलं माफ करता येतं... मनातून करतही आलो होतो.

परवा अखेर त्याच्या घरी गेलो. अंगणातली पपई फळांनी लगडलेली. वहिनींनी एक चिरून पुढे ठेवली.

"भाऊजी, तुमचंच रोप हाय. नव्या कुंड्यांच्या पहिल्या खेपेतलं."

"कुंडीसकट लावलं?"

"न्हाई हो. हे म्हणले, कागद फाडून लाव, न्हाईतर मुळं कोंडतील."

फोड ताटलीत ठेवून मी उठलो.

"काहून? गोड न्हाई का निघाली?"

"गोड हाय, वहिनी," म्हणत मी चपला घातल्या. चाखलीच नव्हती.