खेकड्याचा आठवा बूट

टीव्ही केंद्रावरच्या निर्मात्याने कांजूरमार्गच्या मुलांना फसवलं, आणि त्यासाठी माझा चेहरा वापरला. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणाला शंका नको.

मी घाटकोपरला वाढले. वडील गिरणीत होते. आई घरी मसाले कुटून विकायची. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझ्याकडे होतं, कारण आईला नाही म्हणता येत नसे आणि मला हो म्हणताना त्रास व्हायचा. पुढे बालवाडीत शिकवलं, आणि तिथून टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमाची निवेदिका झाले. निवड करणाऱ्यांनी विचारलं, गाता येतं का? मी विचारलं, गायले तर कार्यक्रमाचा वेळ वाढेल का? ते हसले. मी हसले नव्हते. हा प्रश्न मी पुढे वीसहून अधिक वर्षं वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिले.

पडद्यावर मी सगळ्या महाराष्ट्राची ताई होते. केंद्रात मात्र मी येताना दिसले की लोक कपाटांना कुलपं लावत. त्यांचंही बरोबर होतं. मुलांच्या कार्यक्रमाला कायम उरलेलं मिळायचं. शेतीच्या कार्यक्रमातून उरलेली रोपं आम्हाला यायची, त्यामुळे आमच्या जंगलात सिंहाच्या मागे बारा महिने ज्वारी उभी असे. जे हवं ते भांडून आणावं लागे, आणि भांडताना माझा आवाज निवेदनाच्या आवाजापेक्षा बराच मोठा व्हायचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मला दिग्दर्शन करावंसं वाटू लागलं. कांजूरमार्गला, खाडीच्या बाजूला, एका शाळेत मी शनिवारी गोष्टी सांगायला जायचे. तिथल्या मुलांनी स्वतःचं एक नाटक रचलं होतं. खेकड्याच्या आठ बुटांपैकी एक बूट चोरीला जातो. खटला उभा राहतो. सगळ्यांची झडती होते, बूट सापडत नाही. शेवटी न्यायाधीश बगळ्याला म्हणते, "दोन्ही पाय खाली टेकव." कारण बगळा कायम एका पायावर उभा असतो आणि दुसरा पाय पोटात लपवतो. बूट त्या पायात असतो.

हे मोठ्या माणसाला सुचलं नसतं. ती मुलं रोज बगळे बघत होती.

न्यायाधीश झालेली मुलगी चौथीत होती. आईबाप मालवणकडचे. ती इतकी हळू बोलायची की ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प बसावं लागे, आणि ते तिला ठाऊक होतं. मी त्या मुलांना शब्द दिला की तुम्ही टीव्हीवर दिसाल. असा शब्द मी सहसा कुणाला देत नसे.

मग मी निर्मात्याकडे गेले. तो कायम नोकरीतला, मी कंत्राटावरची. त्याच्या हातात चहा होता.

"बाहेर जाऊन शूट? इथे स्टुडिओत काय कमी आहे?" त्याने विचारलं.

"मुलं," मी म्हटलं.

तासभर घासाघीस झाली. मी गाडी मागितली, मिळाली. अर्धा दिवस मागितला, मिळाला. मुलांवर न खेकसणारा कॅमेरामन मागितला, तोही मिळाला. शेवटी दिग्दर्शक म्हणून नाव मागितलं. त्याने चहाचा घोट घेतला आणि तेही दिलं. बदल्यात मी एवढंच करायचं की त्याच दिवशी दुपारी, तेच युनिट घेऊन, अंधेरीला त्याच्या सोसायटीत जायचं. तिथे मुलांची वेशभूषा स्पर्धा होती. तिचं निवेदन करायचं. कधीतरी वेळ भरायला उपयोगी पडेल, असं तो म्हणाला. मला हा सौदा इतका स्वस्त वाटला की घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. हरलेला माणूस इतक्या शांतपणे चहा पीत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आईच्या दुकानदारीत मी असली गिऱ्हाइकं पाहिलेली होती.

कांजूरमार्गचं शूट झकास झालं. खेकड्याने आपले सात बूट एका ओळीत मांडून दाखवले. ते मुलांनी कुणाकुणाच्या दारातून उचलून आणले होते, त्यामुळे खटला चालू असताना बाहेर खरे मालक जमले होते. बगळा एका पायावर उभा राहून घामाघूम झाला. न्यायाधीशाने पहिल्याच टेकमध्ये असं काम केलं की मी कट म्हटल्यावरही कॅमेरामन कॅमेऱ्यातून बघतच राहिला.

दुपारी अंधेरी. सोसायटीच्या गच्चीवर शामियाना होता. निर्मात्याची मुलगी मक्याचं कणीस झाली होती आणि तिला बसता येत नव्हतं. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. रेकॉर्डिस्ट मशीनपाशी वाकून काहीतरी करत होता. निर्माता म्हणाला, "मशीन जरा तापलंय. थांब दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत मी केस नीट केले. मग मी हसले आणि म्हणाले, "बालमित्रांनो, आज आपण भेटणार आहोत काही गुणी मुलांना."

एडिटिंगच्या खोलीत कंत्राटी माणसांना जाऊ देत नसत. ते मी पाहतो, असं निर्माता म्हणाला. तेव्हा ते नेहमीचंच होतं.

प्रक्षेपणाच्या दिवशी मी कांजूरमार्गच्या चाळीत गेले. टीव्ही एकाच खोलीत होता. मुलांना आयांनी तेल लावून, भांग पाडून, ठेवणीतले कपडे घालून बसवलं होतं. टीव्हीत दिसायचं तर बघतानाही नीट दिसावं, असा तिथला विचार होता. खेकड्याची आजी अगदी पुढे बसली होती. मला खुर्ची दिली, पण मी नको म्हटलं आणि उंबऱ्यावर एक पाय ठेवून दाराला टेकून उभी राहिले. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

शीर्षकसंगीत झालं. पडद्यावर अक्षरं आली, निवेदन आणि दिग्दर्शन, आणि खाली माझं नाव. खोलीत टाळ्या पडल्या. मग पडद्यावर मी आले, हसले, आणि माझ्या मागून मक्याचं कणीस चालत आलं.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, आपलं नंतर असेल. कणीस गेलं, डॉक्टर आला, डॉक्टर गेला, दोन राण्या आल्या. खेकड्याच्या आजीने विचारलं, आमचा कितव्या नंबराला? शेवटी पुन्हा मी आले, पुन्हा हसले, आणि अच्छा म्हणाले.

टीव्ही बंद झाला. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे वळली. न्यायाधीशाच्या आईने आपल्या मुलीबद्दल विचारलं, "माझ्या चेडवाक खंय ठेवलंस?" मी म्हटलं, काहीतरी चूक झाली आहे, पुढच्या आठवड्यात नक्की येईल. ती मुलगी माझ्या पायांकडे बघत होती. तिने नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं, "ताई, दोन्ही पाय खाली टेकव."

मी उंबऱ्यावरचा पाय खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मी आधी रेकॉर्डिस्टला गाठलं. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "बाई, त्या दिवशी टेप एकच होती. साहेब म्हणाले, मागे घे आणि वरूनच कर. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." म्हणजे मी गच्चीवर उभी राहून हसत होते, ते त्या मुलांच्या अंगावर. मी तोंड उघडलं की खेकडा पुसला जात होता. अच्छा म्हणाले तेव्हा न्यायाधीश गेली.

मी निर्मात्याच्या खोलीत गेले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शिपायाने नंतर दार लावून घेतलं, एवढं सांगते. टेबलावरचा चहा टेबलावर राहिला नाही. निर्माता माझं सगळं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "अगं, टेपांचा किती तुटवडा आहे तुला माहीत नाही? आणि तू गाडी मागितलीस, माणूस मागितलास, नाव मागितलंस. टेप मागितलीस का?"

मागितली नव्हती. कॅमेरा दिल्यावर टेप वेगळी मागायची असते, हे कुठल्या बाजारात चालतं? तव्याचा सौदा झाल्यावर कुणी त्याचा तळ वेगळा मागत नाही.

पुन्हा शूट करू, असं तो म्हणाला खरा. तोवर मे महिना आला, अर्धी मुलं गावी गेली, बगळ्याचं बिऱ्हाड दहिसरला हललं. ते नाटक पुन्हा झालं नाही. मी पुढे दिग्दर्शक झाले, कायम झाले, पुष्कळ कार्यक्रम केले. बाहेरच्या शूटला निघताना टेप मी स्वतः मांडीवर घेऊन बसायचे. नवे लोक याला माझा विक्षिप्तपणा म्हणत.

दशक संपता संपता निर्माता निवृत्त झाला. मुलुंडला एका सभागृहात त्याचा सत्कार होता. मला बोलवायलाच लागलं. भाषणात त्याने आपल्या सगळ्यात आवडत्या कार्यक्रमाची आठवण सांगितली. खेकडा, आठ बूट, खटला. लोकांना समजावं म्हणून तो व्यासपीठावर एका पायावर उभाही राहिला. चांगला तोल होता. खूप टाळ्या पडल्या. कार्यक्रम कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मला हळूच विचारलं, तुम्ही पाहिला होता का हो?

मी उठून बाहेर आले. तिथेच ओरडले असते तर लोक म्हणाले असते, बघा, हिचा स्वभाव.

न्यायाधीश मला मध्यंतरी भेटली. बँकेत नोकरी करते, मुलगी आहे. आवाज अजून तसाच, खाली वाकून ऐकावं लागतं. मी तिला टेपची सगळी हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, त्या दिवशी कॅमेऱ्यात खरंच टेप होती का गं? की आम्हाला नुसतं उभं केलं होतं?"

इतकी वर्षं तिला असं वाटत आलं होतं. टेप होती, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, वडीलधाऱ्यांसाठी हलवतात तशी. माझ्या शब्दाची तिथली पत त्या संध्याकाळीच गेली आहे, ती माझ्याच तोंडाने परत येणार नाही.

पण ज्याने टेप मागे घ्यायला लावली, तो अजून त्याच सोसायटीत राहतो. तब्येत चांगली आहे, सकाळी फिरायला जातो. तेव्हा त्याने कांजूरमार्गला यावं. मी गाडी करून देते, एकदाच. न्यायाधीशासमोर त्याने उभं राहावं आणि सांगावं, की टेप होती, त्यात तुम्ही सगळे होता, आणि ती मी पुसायला लावली. आणि हे सांगताना दोन्ही पाय खाली टेकवावेत.