हलायचा थांबलेला ठिपका

शाळेतल्या नर्सबाई अबोल. फुटलेले गुडघे पुसणं, ताप बघणं हेच त्यांचं काम. पण वजन वाढून जिना चढताना धापा टाकणारी मुलं वाढत चालली, तेव्हा त्यांनी अशांना गोळा करून फोनवर एक गट काढला. रोज संध्याकाळी चालायचं. कोण किती चाललं आणि कुठे आहे, ते नकाशावरच्या ठिपक्यांवरून सगळ्यांना दिसायचं.

शिंपीणबाईंची मुलगी सुरुवातीला सगळ्यांच्या मागे. मग पोरगी हट्टाला पेटली. थोड्याच दिवसांत ती चालण्यात पहिली आली आणि नर्सबाईंनी गटात तिला शाबासकी दिली.

एका संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. "बाई, तिचा ठिपका केव्हाचा हललाच नाही. फोनही उचलत नाही."

ठिपका टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपाशी होता. नर्सबाई होत्या तशा धावल्या. मैत्रिणीने गटात कळवलं आणि घराघरांतून मुलं निघाली.

मुलगी टाकीच्या भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक, अंग घामाने थबथबलेलं. हाक मारली तर डोळे उघडत होती, एवढाच धीर. मुलांनी आणलेलं साखरेचं पाणी घोटाघोटाने पोटात गेल्यावर तिला बोलता आलं.

"काय खाल्लंस आज?" नर्सबाईंनी विचारलं.

"कालपासून काहीच नाही. खाल्लं की जड वाटतं, चालणं कमी होतं. पहिला नंबर जाईल म्हणून."

तोवर शिंपीणबाई पोचल्या होत्या, बोटातलं शिवणाचं अंगुस्तानही काढायचं राहिलं होतं.

"हे तुमच्या शाबासकीपायी," त्या म्हणाल्या.

"हो," नर्सबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, पण शिंपीणबाईंनी मुलीचा फोन काढून घेतला आणि चालणं बंद केलं. नर्सबाईंनी नंबर लावणं कायमचं मोडीत काढलं. आता जोडीजोडीने चालायचं, आणि जोडीदार जेवला नसेल तर पाऊल उचलायचं नाही. मैत्रीण रोज तिला जोडीला न्यायला शिंपीणबाईंच्या दारात येऊन उभी राहायची. आत मशीनचा खडखडाट चालूच असे. आठवडा असाच गेला.

मग एक दिवस मशीन थांबलं. शिंपीणबाईंनी फोन मुलीच्या हातात ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला. मीही येते."

मुलीचं वजन सावकाश उतरलं, मधे दोनदा वाढलंही. वर्षाअखेर गटात एक नवा, लाजरा मुलगा आला, तेव्हा त्याची जोडीदार व्हायला मुलगी आपणहून पुढे झाली. त्याला तिचा पहिला निरोप गेला: "जेवलास का?"