बुधवारिनचा पहिला काठा

माझ्या आईनं एका गरीब बाईला वर्षभर लुटलं होतं.

हे मी नाही, आई स्वतःच सांगायची. सगळ्यांना. माझ्या सासरच्या मंडळींना तर पहिल्याच भेटीत सांगितलं, मी कपाळाला हात लावून बसले होते.

आई काल गेली. दुर्गला, बोरसीतल्या आमच्या घरी, झोपेतच. संध्याकाळी शिवनाथ नदीवर सगळं आटोपलं.

आज घरात माणसं आहेत, पण ती गोष्ट सांगणारी नाही. म्हणून मी लिहितेय.

भिलाईचा प्लांट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी पाळण्यात होते. आई-बाबा भंडाऱ्याकडून आलेले. बाबा कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर, आणि आई कामगारांच्या कॅम्पात खानावळ चालवायची. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर गवताचं छप्पर, खाली सारवलेली जमीन.

तांदूळ आणायची बुधवारिन. जवळच्याच गावची. प्लांटसाठी तिची बरीचशी जमीन गेली होती. उरलेल्या तुकड्यातलं धान आणि आईची खानावळ, यावर तिचं घर चालायचं.

भाव ठरलेला, काठ्यामागे. काठा म्हणजे तिकडचं धान्य मोजायचं लाकडी माप.

पहिला काठा ओतताना बुधवारिन म्हणायची, "राम."

दुसरा ओतला की आई म्हणायची, "एक."

आईला वाटायचं, पहिला काठा देवाच्या नावानं. या मुलखाची रीतच असेल, विकणारा एक माप वरून देत असेल. चांगली रीत आहे, चालू द्या!

आता गंमत बघा. आमच्या गावाकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन. आणि लाभ धरून पैसे देतात.

जन्मभर लाभ मोजलेल्या बाईला राम कळू नये?

कळला, तो दुर्गच्या बाजारात. कोणी एक म्हातारी आपल्याच गावच्या गिऱ्हाइकाला तांदूळ मोजून देत होती. "राम, दू, तीन..."

आई पिशवी घेऊन तिथंच उभी राहिली. भाजी न घेताच घरी आली.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. "तिनं कावून नाई सांगतलं मंग? चूक तिची."

"तिची जमीन गेली, गिऱ्हाईक आपनच. ते बाई कोन्या तोंडानं बोलन?"

"पन तुले कुठं मालूम होतं?"

यावर आई जे बोलली ते मी आयुष्यभर ऐकत आले.

"मले समजलं नोतं, हे खरं. पन मी इचारलं बी नोतं. फुकट येऊन रायलं तं कोन इचारते?"

बुधवारिन पुढच्या वेळी आली तेव्हा आईनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तू बोलली का नाहीस, असंही विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "मैं सोचेंव दीदी, तुँहर देस मा अइसनेच नापथें."

तुमच्या मुलखात असंच मोजत असतील, असं तिला वाटलं होतं.

आईला हे फार लागलं. तांदळापेक्षा जास्त. आपल्या एकटीमुळे अख्खा मुलूख लबाड ठरला, आणि आपल्याला पत्ताच नाही!

पण परत करायचं किती? कोणी मोजलं होतं? बुधवारिन म्हणाली, जाऊ दे दीदी. आई म्हणाली, जाऊ कशी देऊ?

मग आईनंच ठरवलं. यापुढे जेवढे काठे ओतशील, त्यावर एकाचे पैसे जास्त. कधीपर्यंत? बुधवारिन पुरे म्हणेल तोपर्यंत.

बाबा हबकलेच. "तू तं चाबीच तिच्या हाती देऊन रायली. ते बाई कधी पुरे म्हनन का?"

त्यांचा राग खोटा नव्हता. ते खानावळीवर गवताऐवजी टाकायच्या टिनाच्या पत्र्यांसाठी पैसे जमवत होते. ते आता होणार नव्हतं. "मंग ताटाचा भाव तरी वाढव," म्हणाले.

"जेवनाऱ्याहीनं काय चोरलं?" आई म्हणाली.

विषय संपला. बाबांनी बरेच दिवस अबोला धरला. जेवायचे मात्र वेळेवर.

तो पावसाळा वाईट गेला. छप्पर गळायचं. रिगर, फिटर, अवजड सामान हलवणारे खलाशी ताटं हातात धरून कोरडी जागा शोधत फिरायचे. काही दुसऱ्या मेसमध्ये गेले, ते परत आलेच नाहीत. आईला भीती वाटत होती. खानावळ बसली असती तर भंडाऱ्याला कोणत्या तोंडानं जाणार होती? तरी दर खेपेला ती एका काठ्याचे पैसे जास्त देत राहिली. बुधवारिन पैसे घ्यायची, पदरात बांधायची आणि निघायची.

दिवाळीनंतर एकदा मोजून झाल्यावर आई नेहमीसारखी वरचे पैसे द्यायला लागली. बुधवारिननं तिची मूठ मिटली.

"बस दीदी. अब बरोबर होगे."

हिशेब फिटला म्हणते, आईला खरं वाटेना. म्हणाली, दिवाळीचं म्हणून आणखी एकदा घे.

"नहीं. अउ लेहूँ त मोर पाप."

आणखी घेतलं तर पाप माझं.

बाबा दारातच उभे होते. तांदळाचं पोतं उचलून आत घेऊन गेले.

बुधवारिन मात्र उठली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दीदी, थोरकन पानी दे."

आई पाणी आणायला आत गेली आणि रांजणापाशीच रडली.

एवढी दोन वर्षं ती बाई डोक्यावर पोतं घेऊन उन्हातान्हातून आमच्या दारात येत होती. पण हिशेब बरोबर होईपर्यंत आमच्या घरी तिनं कधी पाणी मागितलं नव्हतं.

आणि आईनंही तिला कधी विचारलं नव्हतं.

आई, शांत झोप. तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.