लग्नातला तेरा नंबरचा बूट

स्कॉटलंडमधल्या क्रीफ गावात मर्डो गेडीसच्या दुकानातून किल्ट, म्हणजे पुरुषांनी समारंभात नेसायचा चौकड्यांचा घागरा, भाड्याने नेणं सोपं होतं, बूट नेणं महाकठीण. किल्टसाठी तो फक्त कमरेचं माप घेई. बुटांसाठी मात्र गिऱ्हाइकाची परीक्षा घेई. किल्टवर घालायचे ते काळे ब्रोग, जीभ नसलेले आणि भल्या लांब नाडीचे, त्याच्यासमोर पायात चढवायचे. नाडीला पुढे तीन पीळ द्यायचे, ती घोट्यामागून फिरवून आणायची आणि गाठ बाहेरच्या अंगाला मारून गोंडे खाली सोडायचे. वेढा घोट्याच्या चार बोटं वर, त्याहून तसूभरही जास्त नाही. जास्त झाला की मर्डो चष्म्यावरून बघत विचारायचा, "लग्नाला चाललायस की नाचाच्या क्लासला?" आणि सगळं सोडून पुन्हा बांधायला लावायचा.

तीस वर्षं त्याने हा जाच केला. शाळेच्या हेडमास्तरांना त्याने केला, बँकेच्या साहेबाला केला. साधे ऑफिसचे बूट चालतील का, असं विचारणाऱ्या एका वकिलाला तर त्याने किल्टही दिला नाही. गिल्बर्ट रॅट्रे खाटकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गिल्बर्टचे पाय तेरा नंबरचे आणि बोटं सॉसेजसारखी जाड. गिल्बर्टच्याच लग्नाच्या सकाळी मर्डोने त्याला सात वेळा नाडी बांधायला लावली, आणि नवरी चर्चच्या दारात वीस मिनिटं ताटकळत उभी राहिली. ती आजही नवऱ्याला त्यावरून ऐकवते म्हणे.

तर अशा या मर्डोच्या एकुलत्या एका लेकीचं, इशबेलचं लग्न ठरलं. शनिवारी दुपारी एक वाजता. लेकीचा हात धरून बापाने चर्चमध्ये चालत जायचं, आणि आजवर ज्यांना ज्यांना त्याने छळलं होतं ते सगळे दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसून कुठे बघणार होते, हे मर्डोला पक्कं माहीत होतं. त्याने आपले नऊ नंबरचे ब्रोग आठवडाभर आधीपासून रोज पॉलिश केले.

घात केला तो खादाडीने. लग्नाच्या जेवणातला 'स्टेक पाय', म्हणजे पिठाच्या पारीत मांस भरून भाजलेला पदार्थ, कसा झालाय ते बघायला हॉटेलवाल्याने त्याला बोलावलं. मर्डो एकदा गेला, मग मिठाची खात्री करायला दुसऱ्यांदा गेला आणि तिसऱ्यांदा कशाला गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. गुरुवारी त्याच्या डाव्या अंगठ्यात गाऊट, म्हणजे मांस खाण्याने बळावणारा संधिवात, भडकला. शनिवारी सकाळी पाऊल सलगमासारखं लालजांभळं होऊन टरारलं होतं. ब्रोगमध्ये ते निम्मंसुद्धा जाईना.

त्याची बायको नेट्टा हिने त्याच्या घरातल्या चौकड्यांच्या सपाता आणून पुढ्यात ठेवल्या.

"त्यापेक्षा मी जातच नाही," मर्डो म्हणाला. "तुझ्या भावाला सांग तिला घेऊन जायला."

"मी नाही सांगणार. पलीकडच्या खोलीत ती केस बांधून घेतेय. तूच जा आणि सांग, सपाता घालायची लाज वाटते म्हणून येत नाही."

मर्डो उठला, दारापर्यंत गेला. आतून इशबेलचं हसणं ऐकू आलं आणि तो तसाच मागे वळला. ही पोर दुकानाच्या काउंटरखाली बुटांच्या खोक्यांत खेळून मोठी झाली होती. तिला काय तोंडाने सांगायचं?

तेव्हा त्याला दुकानातली सगळ्यात मोठी जोडी आठवली. तेरा नंबर. सुजलेला पाय त्यात आरामात मावला असता. पण ती जोडी याच लग्नासाठी भाड्याने गेली होती, आणि कोणाकडे गेली होती ते सांगायला नकोच.

एका पायात ब्रोग आणि दुसऱ्यात सपात घालून तो रस्ता ओलांडून खाटकाकडे गेला. गिल्बर्ट जामानिमा करून तयार होता. त्याने मर्डोच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग सावकाश पुन्हा पायांकडे.

"डावा बूट दे," मर्डो म्हणाला. "पाया पडतो."

"वाकता येत नाहीये तुला, पाया कसला पडतोस," गिल्बर्ट म्हणाला. "बस त्या स्टुलावर. आणि डावा तू नेल्यावर उरलेला एक मी काय कुत्र्याला घालू? मी आपला माझे रबरी गमबूट घालतो. बायको तशीही चिडलेलीच असते."

मग तो अवाढव्य माणूस गुडघे टेकून खाली बसला आणि मर्डोच्या पायात बूट चढवून त्याने नाडी गुंडाळायला घेतली. पीळ दिलाच नाही. वेढे पोटरीपर्यंत नेले. मर्डोने तोंड उघडलं.

"वाजले किती?" गिल्बर्टने मान वर न करता विचारलं.

"पाऊण."

"मग गप बस. आज तरी नवरीला थांबवायला नको."

मर्डोने ओशाळून पाय आणखी पुढे केला.

एक वाजता तो लेकीचा हात धरून आत शिरला. सहाव्या बाकाशी पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पोटरीवरचे वेढे सुटत सुटत खाली आले, नाडी फरशीवर लोळू लागली आणि तो ढगळ बूट पावलागणिक निसटायला लागला. मर्डो थांबला. वाकायला गेला तर पायात अशी कळ गेली की बाकाची कड धरावी लागली. सगळं चर्च त्याच्या पायांकडे बघत होतं. मागच्या बाकावर गमबूट घातलेला खाटीक तेवढा छताकडे बघत होता.

इशबेलने फुलं सहाव्या बाकावरच्या बाईच्या हातात दिली आणि पांढराशुभ्र झगा सावरत ती फरशीवर बसली.

"दुखतंय का, बाबा?"

"फार," मर्डो म्हणाला. दोन दिवसांत तो हे पहिल्यांदाच कबूल करत होता.

"मग सैलच ठेवते."

तिने उरलेली नाडी बुटाखालून एकदा फिरवली आणि लहान पोरं मारतात तशी दोन कानांची गाठ भर अंगठ्याजवळ मारली. त्या गाठीचं काही म्हणजे काहीच बरोबर नव्हतं, आणि इशबेलला ते चांगलं ठाऊक होतं. तिने वर बघून विचारलं, पुन्हा बांधू का नीट?

"राहू दे," तो म्हणाला. "चल, ऊठ. तो पोरगा केव्हाचा वाट बघतोय."

आणि तिचा हात घट्ट धरून तो फेंगडत, बूट फरपटवत पुढे निघाला. आता लोक त्याच्या रडून ओल्या झालेल्या तोंडाकडे बघत होते आणि तेही त्याला चालत होतं.