भातकुलीच्या धुऱ्यावरचा हिरवा वाडगा

आमच्या ग्रुपमदे भांडी सात अन् किस्से सत्तर! ग्रुप म्हंजे तीन मानसं. राजापेठचे गुलाबकाका, रिटायर ड्रॉइंग मास्तर. अकोल्याचा राऊत. अन् मी. छंद काय, तं जुन्या चिनी पंडितायच्या टेबलावरची भांडी जमवाची. ब्रश धुवाचा वाडगा, ब्रश टेकवाचा डोंगर, असं सारं.

"काका, ही भांडी मांडलेल्या तुमच्या टेबलावर तुमी काय लिहिता?" मी इचारलं.

"गॅसचा नंबर."

*

राऊतले पाच शेंड्यायचा निळा डोंगर भेटला. आठ दिवसानं पायतो तं त्याच्या आईनं शेगडीजवळ ठेवून त्याच्यावर पळी टेकवलेली. वरून पिठल्याचे ओघळ!

"अवं आई, अँटिक हाय ते!"

"म्हनूनच मजबूत हाय. आजकालचं टिकते कुठी?"

*

काकाच्या वाडग्याच्या ग्लेझमदे, वरच्या काचेसारक्या थरामदे, बारीक तडे होते, त्यायच्यात जुना तपकिरी रंग मुरलेला. जानकार त्या रंगावरच जीव टाकते. काकूनं दिवाळीच्या सफाईत वाडगा ब्लीचमदे बुडवला.

"तडे नाई गेले," काकू म्हने, "पन मळ सारा निघाला!"

काका दोन दिवस जेवले नाई. त्यायले काचबिंदू. मले म्हने, "नजर हाय तोवर एक अस्सल वाडगा पायाले भेटला पायजे, बस."

*

मले गंमत सुचली. चटनीचा तडेवाला हिरवा वाडगा आनला, चहात उकळला, बुडाले खिळ्यानं फुली मारली अन् भातकुलीले मामाच्या वावरात, धुऱ्याच्या बांधावर बाभळीखाली पुरला. पावसाळा गेल्यावर खोदून काढला, तसाच मातीसकट राऊतच्या हाती देऊन दोघं काकाकडं गेलो. "पातूरकडं भेटला," राऊतनं सांगतलं.

काकानं वाडगा धुतला. डोळ्याजवळ नेला. रडलेच! "अस्सल!"

आमी हसाले गेलो होतो. पन खरं न सांगताच वापस आलो.

*

काकाची नजर पार गेली, तवा मले राहवलं नाई. सारं कबूल केलं. "बुडाले माही फुली हाय, काका."

काकानं वाडगा माह्याकडं सरकवला. "दाखव."

बूड साफ होतं. फुली नव्हती.

"तू पुरला तो येगळा, काढला तो येगळा," काका म्हने. "तुले फरक कळते का बे?"

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. "अबे, तुहा आंधळा मास्तर रिक्षा करून आला अन् बाभळीखाली खोदून राहिला!"

मी धावलो. काका खड्ड्यात बसून माती चाचपून राहिले होते.

"काका, घरी चला. काई नाई इथं."

"थांब." त्यायनं मातीतून हिरवा वाडगा वर काढला, उलटा करून माह्यापुढं धरला. "मले दिसत नाई. तू पाय. फुली हाय?"

होती.