मास्तरांचा चहा

मास्तर कुणालाही नाही म्हणायच्या आधी चहा मागवत. कप समोर आला, की समजायचं, आपलं काम झालं नाही. ग्रामीण रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर होते, पण सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये आम्हा लहान कंत्राटदारांना शिकवत, म्हणून मास्तर.

शिकवायचे मात्र जीव ओतून. ‘रस्ता आधी निविदेत बिघडतो, मग खडीत,’ हे त्यांचं पालुपद. निविदा कधी काढायची, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या पावसाआधी का उरकायच्या, एकट्याला झेपत नसेल तर मिळून निविदा कशी भरायची, सगळं घोटून घेतलं. मी लोणी काळभोरजवळच्या वस्तीवरची, तोवर नुसती गटारं बांधणारी. ‘बाई, तुमच्या वस्तीचा रस्ता तुम्हीच करायचा,’ असं सर्वांदेखत म्हणाले होते. मी घरी जाऊन सासूबाईंना सांगूनही टाकलं.

आमच्या रस्त्याची निविदा निघाली तेव्हा आसपासचे सगळे रस्ते एकाच कामात घातलेले. अट अशी, की एवढं मोठं काम आधी केलेलं हवं. एकच बडा कंत्राटदार त्यात बसत होता. मी मास्तरांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला.

‘बाई, काम मोठं, तुमचा अनुभव लहान.’

‘अहो, रस्ते सुटे काढले असते तर बसला असता की.’

‘सुटे काढायला वेळ कुणाला आहे?’ म्हणाले आणि शांतपणे बशीत चहा ओतला.

रस्ता त्या बड्याने केला. पहिल्याच पावसात मोऱ्या तुंबल्या. सासूबाई विचारायच्या, ‘तुझा रस्ता कुठाय गं?’ मला मास्तरांचा असा राग आला, की झोप लागेना.

पुढच्या वेळी आम्ही वर्गातल्या सगळ्यांनी मिळून निविदा भरली. सगळ्यांचा अनुभव जोडून अट पुरी केली, त्यांनी शिकवलं तशीच. मास्तर कागद चाळत राहिले, खोट सापडेना.

‘कुणी शिकवलं हो हे?’

‘तुम्हीच, मास्तर.’ काम आम्हाला मिळालं.

निवृत्तीनंतर मास्तर आमच्या कसबा पेठेतल्या ऑफिसात आले. घरी करमत नाही, सल्लागार म्हणून घ्या, म्हणाले. भिंतीवर आमच्या कामांचं वेळापत्रक होतं, त्यांच्याच पद्धतीचं. ते बघून खुलले. त्यांच्याइतका जाणकार आम्हाला शोधून मिळाला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

मी चहा मागवला.

मास्तरांचा चेहरा उतरला. ‘तुमचा अनुभव मोठा, मास्तर,’ मी म्हटलं, ‘आमची कामं लहान.’ त्यांनी चहा संपवला, ‘मोऱ्या आधी उरका,’ एवढंच म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरले. परत आले नाहीत. आता तर या जगातही नाहीत.

मोऱ्या आम्ही आजही पावसाआधीच उरकतो. त्या चहाचं मात्र मला अजून वाईट वाटलेलं नाही.